वाचनालयाची वर्गणी : कपातीने नको, पावतीने हवी



या पत्रिकेत माझ्या नावाने आजवर लागण, बेणेप्रक्रिया, पाचट कुजविणे आणि खोडवा व्यवस्थापन एवढेच विषय आले. आज वाचनालयावर लिहितो आहे, तेव्हा ‘ऊस विकास अधिकाऱ्याला हे कुणी सांगितले?’ असे काहींना वाटेल. पण विषय तुमच्या उसाच्या बिलापर्यंत येऊन ठेपला आहे, म्हणून बोलणे भाग आहे.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या बऱ्याच गावांत सार्वजनिक वाचनालयाची जागा अपुरी पडू लागली आहे. कुठे एक खोली वाढवायची आहे, कुठे वरचा मजला घ्यायचा आहे. गटाच्या बैठकीत ऊसनोंदीचे काम आटोपले की हा विषय निघतो आणि कुणीतरी हमखास म्हणतो, “साहेब, टनाला दोन रुपये कापून घ्या, एका हंगामात काम फत्ते.” सूचना करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. मान डोलावणारेही पुष्कळ असतात. तरीही माझे स्पष्ट मत आहे की वाचनालयाचा पैसा बिलातून सरसकट कापू नये. तो घरोघर जाऊन, मागून, पावती देऊन जमवावा. त्याची कारणे सांगतो.

आधी गरजेविषयी. वाचनालय म्हणजे चावडीशेजारची एक खोली, दोन कपाटे, एक लांब टेबल आणि त्यावर चार वर्तमानपत्रे, हे चित्र जुने झाले. आज त्याच खोलीत पोलीस भरती, तलाठी भरती आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचा अभ्यास करणारी पोरे पहाटेपासून जागा धरून बसतात. पुण्यात खोली, मेस आणि क्लास यांचा खर्च प्रत्येक घराला झेपतो असे नाही. मुलीच्या बाबतीत तर बापाचा जीवच होत नाही पाठवायला. अशा मुलीला गावात बसायला शांत जागा, रात्री दिवा आणि स्वच्छ संडास एवढे मिळाले तर तिचे निम्मे काम होते. दुसरीकडे म्हातारी माणसे पेपर वाचता वाचता मोठ्याने बोलणारच, तो त्यांचा हक्क आहे. एकाच खोलीत दोघांची सोय लावायची म्हटले की रोज कुरबुर. पुस्तके वाढली तर ती पेटीत जातात, आणि पेटीतले पुस्तक कुणी वाचत नाही. म्हणून खोली वाढवायलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही.

आता लोक विचारतात, सरकार काय करते? ते नीट समजून घ्यावे. आपल्याकडे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. या व्यवस्थेत गावचे वाचनालय चालवायचे ते लोकांच्या नोंदलेल्या संस्थेने, आणि शासनाने त्याला अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे परिरक्षण अनुदान द्यायचे. शेजारच्या कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने आणि त्याआधी मद्रास राज्यात १९४८ च्या कायद्याने स्थानिक करांवर ग्रंथालयासाठी उपकर बसविला. आपल्या कायद्याने तसा उपकर घातला नाही. याचा अर्थ असा की आपल्याकडे वाचनालयाचा पाया लोकांच्या पुढाकारावर धरलेला आहे. मिळणारे अनुदान सेवकांचे वेतन, पुस्तके, नियतकालिके अशा चालू खर्चात जाते. त्यातून भिंत उभी राहत नाही. इमारतीसाठी मदतीच्या योजना आहेत. कलकत्त्याला १९७२ साली स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांत जागा वाढविण्यासाठीही साहाय्य आहे. पण असे साहाय्य मागायला जायचे तर जागेचा कागद, आराखडा, खर्चाचा अंदाज आणि आपला हिस्सा लागतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गावाने जमविलेला रुपया असा आणखी पैसा ओढून आणू शकतो, म्हणून त्याचे मोल त्याच्या आकड्यापेक्षा जास्त आहे.

मग तो रुपया कपातीने का नको?

पहिले कारण, उसाचा दर हा उत्पादकाच्या घामाचा पैसा आहे. ऊस नेल्यावर चौदा दिवसांत तो हाती पडावा, असा दंडक १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घातला तो उगाच नव्हे. बिलाचा कागद समोर घेऊन बघा. सोसायटीचे पीककर्ज, बेणे, खते, पाणीपट्टी असे एकाखाली एक आकडे वजा होत जातात, आणि आडसाली लागण करून अठरा महिने वाट पाहिलेला माणूस शेवटची ओळ वाचून गप्प बसतो. त्यात ‘वाचनालय’ अशी आणखी एक ओळ न विचारता घातली, तर चांगल्या कामाचे नाव नुकसानीच्या रकान्यात जाऊन बसेल. दोन रुपयांनी कुणी बुडत नाही हे खरे. एकरी चाळीस टन धरले तर एकराला ऐंशी रुपयेच होतात. पण आज वाचनालयाला दोन, उद्या दुसऱ्या कशाला तीन, हा पायंडा एकदा पडला की थांबत नाही.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. कपात फक्त ऊसवाल्याची होते. गावात शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, गवंडी, सुतार, चालक आहेत, शेतमजूर आहेत. त्यांचा ऊस नाही, म्हणून त्यांची कपात नाही. त्यांनी काही द्यावे असे कुणी त्यांच्या दारी सांगायलाही जाणार नाही, कारण पैसे तर परस्पर जमले! मग वाचनालय ‘बागायतदारांचे’ होईल. आज अभ्यासाला बसणाऱ्या मुलांत ज्यांच्या घरी गुंठाभरही ऊस नाही अशी पुष्कळ आहेत. त्यांना उद्या कुणी “तुमच्या बापाने काय दिले?” असे विचारू नये, अशी तुमची माझी इच्छा असेल, तर त्यांच्या बापालाही देण्याची संधी मिळाली पाहिजे. पन्नास रुपयांची पावती घरात असली की मूल ताठ मानेने त्या खोलीत बसते.

तिसरे कारण हिशेबाचे. ज्याने हाताने पैसे दिले तो विचारतो, “स्लॅब का रखडला? सिमेंट किती लागले?” ज्याचे कापून गेले तो विचारत नाही. त्याच्या लेखी ते गेलेच. आणि विचारणारे नसले म्हणजे काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यावर एक वयस्क सभासद मला म्हणाले, “साहेब, दारोदार हिंडून कोण देतंय हल्ली? त्यापेक्षा एखादा मोठा माणूस गाठा, त्याच्या आईवडिलांचं नाव द्या इमारतीला.” मी म्हटले, “आप्पा, मोठ्या माणसाने दिले तर घेऊच, पण गावाने आधी आपला वाटा ठेवून.” मोठ्या देणग्यांचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतले पोलादाचे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून १८८३ ते १९२९ या काळात जगभर २५०९ ग्रंथालये झाली. एवढा कुबेर, पण त्यांची सर्वसाधारण अट अशी, की जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी गावाने ग्रंथालय चालविण्यासाठी द्यायची. हे कबूल असेल तरच इमारतीचा पैसा. आपल्याकडे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या तज्ज्ञाला अमेरिकेहून आणून संस्थानभर ग्रंथालये काढली. खजिना त्यांचाच होता. तरी खेड्यातल्या ग्रंथालयासाठी आधी लोकांनी आपला हिस्सा जमवावा, मग तेवढीच भर पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, अशी पद्धत त्यांनी ठेवली. फुकट मिळालेल्या वस्तूची राखण कुणी करत नाही, हे ते दोघेही जाणून होते.

आणि आपल्याला तरी दूर कशाला जायला पाहिजे? सहकारी साखर कारखानदारी कशी उभी राहिली? प्रवरानगरला १९५०-५१ चा पहिला हंगाम झाला, त्याआधी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले आणि शेतकऱ्यांना समजावून भागभांडवल गोळा केले. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी उभा राहिला. तेव्हा कापायला बिलच नव्हते! लोकांनी पदरचे काढून दिले, म्हणून कारखाना लोकांचा झाला. गोव्यात पणजीला १९०८ साली मूठमूठ तांदूळ जमवून मराठी शाळेसाठी संस्था उभी राहिली, तिचे नावच मुष्टिफंड. गाव करील ते राव करील काय, ही म्हण उगाच पडलेली नाही.

आता काम कसे करावे, याविषयी माझ्या सूचना.

एक, आधी आराखडा आणि अंदाजपत्रक करून ते चावडीवर लावावे. ‘वाचनालयाला मदत करा’ म्हटले की लोक खिशात हात घालत नाहीत. ‘मुलींच्या अभ्यासिकेसाठी वीस खुर्च्या पाहिजेत, एकीची किंमत अमुक’ म्हटले की घालतात.

दोन, पैसे नोंदलेल्या संस्थेच्या नावानेच घ्यावेत. पावतीपुस्तकावर छापील क्रमांक असावा, बँक खाते दोन सह्यांचे असावे. वर्गणी समितीत महिला असाव्यात, कारण घरातला निर्णय आता एकट्या कारभाऱ्याचा राहिलेला नाही.

तीन, देणाऱ्यांची यादी दर महिन्याला फळ्यावर लावावी, पण नावे अकारविल्हे. रकमेप्रमाणे वरखाली लावली की पन्नास रुपये देणारा पुढच्या वेळी दार लावून घेतो.

चार, वेळ पाहून मागावे. पहिला हप्ता जमा झाल्यावर माणूस आनंदाने देतो. जूनमध्ये बी-बियाणे, खते आणि शाळेच्या फिया एकदम आल्यावर त्याच्यापुढे पावतीपुस्तक धरणे हा अन्याय आहे.

पाच, वस्तू आणि श्रमही वर्गणी समजावी. कुणी दगड देईल, कुणी ट्रॅक्टरच्या दोन खेपा करील, गवंडी दोन दिवस काम करील. त्याचीही किंमत धरून पावती द्यावी.

सहा, ज्या सभासदाला बिलातूनच द्यायचे आहे त्याने रक्कम लिहून, सही करून संमतीपत्र द्यावे. स्वतः होऊन सांगितलेल्या कपातीला माझा विरोध नाही. न विचारता होणाऱ्या कपातीला आहे.

एक गोष्ट शेतकी भाषेत सांगतो. आपण लागणीला भरपूर करतो. नांगरट, शेणखत, बेणे, सगळे उत्तम. खोडव्याकडे मात्र पाठ फिरवतो. बुडखे छाटत नाही, खत वेळेवर देत नाही, आणि मग खोडव्याने उतारा दिला नाही म्हणून ओरडतो. इमारत म्हणजे लागण. उद्घाटन झाले, फोटो झाले की संपले असे वाटते. पुढे दरवर्षी वीजबिल येते, पंखा बिघडतो, ग्रंथपालाचे तुटपुंजे मानधन थकते. म्हणून जमलेल्या रकमेतला ठराविक हिस्सा सुरुवातीलाच बाजूला काढून मुदत ठेवीत टाकावा आणि त्याच्या व्याजावर हा खर्च चालवावा. खोली दोन फूट लहान झाली तरी चालेल, पण रात्रीचा दिवा बंद पडता कामा नये.

संचालक मंडळालाही एक विनंती. कारखान्याच्या आर्थिक स्थितीला झेपेल त्या वर्षी, नफ्यातून, वार्षिक सभेच्या मंजुरीने, गावाने पावतीने जेवढे जमविले त्याच्या ठराविक प्रमाणात भर घालण्याचे धोरण ठरवावे. ज्या गावाची धडपड जास्त त्याला जास्त, आणि सर्व गावांना नियम एकच. यात कुणाच्या बिलाला हात लागत नाही आणि शिफारशीलाही जागा राहत नाही.

सभासद मित्रांनो, येत्या गटबैठकीत हा विषय निघेल तेव्हा ‘कापून घ्या’ म्हणून मोकळे होऊ नका. आपल्या गावच्या वाचनालयात एकदा संध्याकाळी जाऊन या. किती मुले बसतात, किती उभी असतात, मोजा. आणि मग आपली रक्कम आपणच ठरवून, आपल्या हाताने द्या. पावती मात्र मागून घ्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी