गोषवाऱ्याचा काळ

साहित्याच्या अध्यापकाने औषधशास्त्राच्या परिषदेविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. वर्षभरापूर्वी आम्हालाही वाटले असते. आमची भाची अमेरिकेत फार्मसीची रेसिडेन्सी करते. पदवी हाती आल्यावर रुग्णालयात राहून, डॉक्टरांच्या फेरीबरोबर हिंडत, रुग्णाला कोणते औषध किती द्यावे याचा हिशेब शिकण्याची ही वर्षभराची उमेदवारी. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानावरून तिची कल्पना येत नाही. या वर्षात प्रत्येक रेसिडेंटने एक संशोधन-प्रकल्प पुरा करावा व तो सहाध्यायांपुढे मांडावा, असा दंडक आहे. जानेवारीतल्या एका सकाळी (तिच्याकडे ती रात्र होती) तिने अडीचशे शब्दांचा एक मजकूर पाठवला आणि फोनवर म्हणाली, "मामा, यातले शास्त्र माझे मी बघते. तू भाषेचा माणूस. वाक्ये म्हणायचे ते म्हणतात का, एवढेच बघ."

आम्ही मजकूर वाचला. पार्श्वभूमी होती, उद्देश होता, पद्धत होती. 'निष्पत्ती व निष्कर्ष' या मथळ्याखाली मात्र एकच वाक्य होते: ते परिषदेत मांडले जातील. आम्ही मनाशी हसलो. ज्याचा शेवट अजून झालेला नाही त्याचा सारांश कसा काढणार? तिला तसे विचारलेही. तिने शांतपणे वेळापत्रक सांगितले. रेसिडेन्सी जुलैत सुरू होते, विषय ठरून नीतिसमितीची परवानगी येईपर्यंत पावसाळा सरतो, नोंदी गोळा करायच्या त्या हिवाळ्यात. अमेरिकेतील रुग्णालयीन औषधशास्त्रज्ञांच्या संस्थेचे, म्हणजे 'एएसएचपी'चे, मोठे अधिवेशन डिसेंबरात असते आणि त्यातल्या भित्तिपत्रकांचे गोषवारे ऑक्टोबरच्या सुमारासच मागवतात. वसंतात प्रादेशिक परिषदा भरतात, त्यांचे गोषवारेही आकडेमोड पुरी होण्याआधी द्यावे लागतात. तेव्हा 'संशोधन चालू आहे' असे लिहिण्याची तिथे रीतच आहे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

हे ऐकल्यावर आमचे हसू आम्हालाच बोचू लागले. त्याचे कारण पुढे येईल. आधी त्या मजकुराविषयी सांगितले पाहिजे, कारण तो आम्ही तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचला तो निव्वळ आनंदासाठी.

विषय व्हँकोमायसिन या औषधाचा. १९५८पासून वापरात असलेले हे प्रतिजैविक, इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंवर आजही दिले जाते. ते कमी पडले तर जंतू मरत नाहीत, जास्त झाले तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. २००९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गंभीर संसर्गात पुढचा डोस देण्याच्या जरा आधी रक्त तपासून, औषधाचे प्रमाण लिटरमागे १५ ते २० मिलिग्रॅम राखण्याचा प्रघात पडला. २०२०च्या सुधारित सूचनांनी तो मोडला. एका क्षणाचे प्रमाण पाहण्याऐवजी दिवसभरात शरीराला एकूण किती औषध लाभले, म्हणजे प्रमाणाच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ किती, ते मोजावे व ते ४०० ते ६०० यांच्या दरम्यान ठेवावे, असे त्या सांगतात. भाचीच्या रुग्णालयाने जुनी रीत सोडून नवी धरली होती. तिचा प्रश्न एवढाच: आधीच्या आणि नंतरच्या रुग्णांत मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण बदलले का?

आता 'इजा' म्हणजे काय? आमच्या क्षेत्रात हा शब्द एखाद्या निबंधात निर्धास्तपणे पंचवीस वेळा येऊन गेला असता. तिने लिहिले होते: रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढले, किंवा सात दिवसांत मुळाच्या दीडपट झाले, तर इजा. नाही तर नाही. एकही रुग्ण मोजण्याआधी ही व्याख्या कागदावर होती. आम्हाला आमच्या चर्चासत्रांतली 'जाणीव' आठवली. ग्रामीण जाणीव, स्त्रीवादी जाणीव, महानगरीय जाणीव. तिची वाढ किती तासांत किती झाली म्हणजे ती 'प्रकटली' असे समजायचे?

(हा विनोद आहे. पण अगदीच विनोद नव्हे.)

बोचण्याचे कारण मात्र व्याकरणातले आहे. तिच्या गोषवाऱ्यातली क्रियापदे भविष्यकाळी होती: नोंदी तपासल्या जातील, रुग्णांचे दोन गट केले जातील, डायलिसिसवरील रुग्ण वगळले जातील. आपल्या मराठी विभागांतून परिषदांना जाणारे गोषवारे आठवून पाहावेत. 'प्रस्तुत शोधनिबंधात अमुक कादंबरीतील मूल्यसंघर्षाचा ऊहापोह केला आहे.' 'तमुक कवीच्या प्रतिमासृष्टीचा चिकित्सक वेध घेतला आहे.' केला आहे, घेतला आहे, सिद्ध केले आहे. हे लिहिले जाते त्या दिवशी निबंधाचे एक पानही झालेले नसते. कित्येकदा कादंबरीही वाचायची असते. आम्हीच असे दहा-बारा गोषवारे लिहिले असतील, आणि त्यांतले दोन निबंध आजतागायत लिहिलेले नाहीत. गोषवाऱ्यांच्या पुस्तिकेत मात्र त्यांतला ऊहापोह होऊन गेलेला आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमावलीने परिषदेतील निबंधवाचनाला गुण लावले आणि या पूर्ण वर्तमानकाळाला मोठाच आश्रय मिळाला, हे खरे. पण सगळा दोष आयोगाच्या माथी मारून सुटता येणार नाही. 'केला आहे' हे आम्ही त्याआधीही लिहीत होतो.

गोषवारा हा शब्दच मुळात हिशेबाचा. फारसीत 'गोशवारा' म्हणजे कानातले भूषण, आणि जमाखर्चाच्या सारपत्रकालाही तोच शब्द. मराठीत तो आला तो दफ्तरातून. हिशेबाच्या गोषवाऱ्याचा धर्म एकच: तो आतल्या रकान्यांशी जुळला पाहिजे. वैद्यकानेही हा धर्म सहज पाळलेला नाही. तिथे पार्श्वभूमी, पद्धत, निष्पत्ती असे मथळे पाडून गोषवारा लिहिण्याची पद्धत रुजू लागली ती १९८७च्या सुमारास, 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकापासून. त्यानंतरही १९९९मध्ये 'जामा'त प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत सहा नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले लेख त्यांच्या गोषवाऱ्यांशी ताडून पाहिले, तेव्हा लेखाशी न जुळणारी किंवा लेखात नसलेलीच माहिती देणाऱ्या गोषवाऱ्यांचे प्रमाण नियतकालिकागणिक १८ ते ६८ टक्के निघाले. म्हणजे मथळे पाडल्याने माणूस प्रामाणिक होतो असे नाही. पण तिथे कोणीतरी ताडून पाहिले. मराठीतील परिषदांचे गोषवारे आणि नंतर छापलेले निबंध समोरासमोर ठेवून कोणी मोजदाद केल्याचे आमच्या वाचनात नाही.

आमचे एक ज्येष्ठ स्नेही यावर म्हणतात की कवितेच्या अभ्यासात निष्पत्ती शेवटी हाती येत नाही, वाचनाच्या प्रत्येक वळणावर ती घडत असते. तिला औषधासारखे खण पाडणे हा तिचा अपमान आहे. पहिल्या अर्ध्याशी आम्ही पूर्ण सहमत आहोत. खण पाडू नयेत. पण म्हणूनच, जे वाचन अजून घडलेले नाही ते घडल्याचे सांगणे कवितेच्या अभ्यासकाला अधिक अशोभनीय नाही का? ज्या विद्येचे सारे भांडवल क्रियापदात आहे, तिने तरी ते जपून वापरावे.

एप्रिलमध्ये भाचीचा पुन्हा फोन आला. आकडे हाती आले होते. नव्या रीतीत इजा थोडी कमी दिसत होती, पण फरक संख्याशास्त्राच्या प्रचलित रेषेच्या अलीकडेच राहिला होता. निव्वळ योगायोगानेही तेवढा पडू शकला असता. तिच्या मार्गदर्शकांनी सौम्यपणे सुचवले होते की निष्कर्षात 'इजा घटण्याकडे कल दिसून आला' असे लिहावे. "मामा, 'कल' हे खोटे आहे का?"

हा प्रश्न औषधाचा नव्हता, आमचा होता. 'कल' या शब्दात गती आहे. थोडे थांबा, तो पोहोचेलच, असे तो सुचवतो. तिच्या आकड्यांत गती कुठे होती? ते जिथे होते तिथेच उभे होते. २०१०मध्ये 'जामा'तच आलेल्या एका अभ्यासात, मुख्य निष्पत्तीत लक्षणीय फरक न सापडलेल्या ७२ चाचण्यांचे अहवाल तपासले होते. त्यांतल्या ५८ टक्क्यांहून अधिक गोषवाऱ्यांच्या निष्कर्षात असा काही ना काही अनुकूल झोक दिलेला आढळला. आकडे खोटे नव्हते. झोक होता तो शब्दांत. आम्ही म्हणालो, "अगं, खोटे नाही. पण हा शब्द तुझ्या आकड्यांचा नाही, तुझ्या इच्छेचा आहे."

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "लक्षणीय फरक आढळला नाही, आणि रुग्णसंख्या लहान होती, असे म्हटले तर बारा मिनिटांच्या शेवटी लोकांना काय देऊ मी?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. तिने ते वाक्य तसेच ठेवले. मार्गदर्शकांनी फार हरकत घेतली नाही. मांडणीनंतर श्रोत्यांतून एकच प्रश्न आला. दुसऱ्या एका रुग्णालयातल्या फार्मासिस्टने विचारले, की आमच्याकडेही रुग्ण थोडे आहेत, तर दोघींचे आकडे एकत्र करता येतील का?

त्या उन्हाळ्यात एका महाविद्यालयाच्या चर्चासत्राचे परिपत्रक आमच्याकडे आले. आम्ही तीनशे शब्दांचा गोषवारा पाठवला. कोणती दोन पुस्तके वाचणार आहोत, कोणता प्रश्न मनात आहे, उत्तर काय येईल याची अजून कल्पना का नाही, हे त्यात लिहिले. चार दिवसांनी समन्वयकांचे अत्यंत नम्र उत्तर आले: "सर, विषय उत्तम आहे. फक्त 'करणार आहे' असे समितीला चालत नाही. तेवढे 'केले आहे' करून पाठवावे, ही विनंती."

तो कागद अजून आमच्या मेजावर आहे.