ट्रॅक्टरचें तेल आणि तेलाचा उतारा

सातबाराचा उतारा पाहिल्यावांचून जमीन घेणारा शेतकरी आम्हीं दप्तरांतील नोकरींत क्वचितच पाहिला. मग ट्रॅक्टरच्या एंजिनांत महागडें सिंथेटिक तेल केवळ दुकानदाराच्या शब्दावर कां ओतावें? जुनें तेल काढतांना, एंजिन गरम असतांच, मधल्या धारेचा नमुना स्वच्छ बाटलींत घेऊन प्रयोगशाळेंत तपासून आणावा. अहवालांत सिलिकॉन व लोह दोन्ही वाढलेलीं दिसल्यास बहुधा हवेबरोबर धूळ शिरून झीज होत आहे असें समजावें. तेथें उंची तेलहि व्यर्थ होय. आधीं एअर क्लीनर दुरुस्त करावा. धूळ व काजळी बेताची असूनहि तेल उष्णतेनें मुदतीपूर्वींच दाट होत असेल, तर सिंथेटिक तेलाचा जादा खर्च सार्थकीं लागेल. मात्र एकाच अहवालावर निकाल देऊं नये; चाललेल्या तासांची नोंद ठेवून दोनतीन अहवाल ताडून पाहावे, असें आमचें मत आहे.