कालियादेहच्या बेटावर काय बांधू नये

उज्जैनच्या उत्तरेला क्षिप्रा दोन धारांत फुटते आणि मधल्या बेटावर कालियादेह महाल उभा आहे. पंधराव्या शतकात माळव्याच्या सुलतानांनी इथे नदीचे पाणी दगडी पाटांतून बावन कुंडांत खेळवले. पुढे पडझड झालेल्या महालाची डागडुजी माधवराव शिंद्यांनी १९२० मध्ये केली.

कुंडांची रचना नदीकाठचे आराखडे करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने जागेवर जाऊन पाहावी. पाणी एका कुंडातून दुसऱ्यात उतरते, माणूस काठावर बसतो, पूर आला की सगळेच पाण्याखाली जाते. नदीला अडवणारी भिंत नाही, की तिच्याकडे पाठ फिरवलेले बांधकाम नाही.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, भूतडी अमावास्येला, इथे हजारो लोक भूतबाधा उतरावी म्हणून स्नान करतात. अंगावरचे कपडे, चपला तिथेच टाकून जातात. या एका दिवसासाठी कपडे बदलायला आडोसा, टाकलेले कपडे गोळा करायची सोय आणि निसरड्या पायऱ्यांवर धरायला साखळी हवी. यातले बहुतेक काही दुसऱ्या दिवशी उचलून नेता येते.

उज्जैनचा पुढचा सिंहस्थ कुंभमेळा २०२८ मध्ये आहे. क्षिप्रेकाठी सुमारे २९ किलोमीटर नवे घाट बांधले जात आहेत. गर्दी लक्षात घेता घाट लागणारच. पण सिंहस्थ बारा वर्षांतून एकदा, महिना-दोन महिने भरतो. तेवढ्या काळासाठी काठ कायमचा काँक्रीटखाली घालणे आम्हाला मान्य नाही. नाशिकने हे भोगले आहे. २००३ च्या कुंभाच्या वेळी गोदावरीच्या पात्रातली जुनी कुंडे काँक्रीटखाली गेली आणि ती मोकळी व्हावीत म्हणून नागरिकांना न्यायालयात जावे लागले.

शोभेच्या कामांचेही तसेच. उज्जैनच्या महाकाल मंदिराच्या परिसरातील महाकाल लोकाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२२ मध्ये झाले. २८ मे २०२३ च्या वादळात तिथल्या सप्तर्षींच्या सातपैकी सहा फायबर मूर्ती कोसळल्या.

बेटाचा खरा प्रश्न मात्र पाण्याचा आहे. इंदूरचे सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी उज्जैनच्या मुख्य स्नानघाटाच्या, रामघाटाच्या, वरच्या अंगाला क्षिप्रेला मिळते. गेल्या सिंहस्थाआधी तिचे पाणी पाइपातून वळवून कालियादेहच्या खालच्या बाजूला सोडण्याची योजना झाली. स्नानाचा घाट वाचवायचा आणि घाण पुढे ढकलायची, ही आखणी खालच्या गावांवर अन्याय करणारी आहे.

म्हणून कालियादेहचा आराखडा हाती घेणाऱ्यांनी आधी पूररेषा आखावी, कुंडांचे पाट गाळातून मोकळे करावेत, काठावर अर्जुन, जांभूळ, करंज लावावेत. वाहने बेटावर जाणाऱ्या पुलाअलीकडेच थांबवावीत. आणि कान्हचे पाणी इंदुरातच शुद्ध व्हावे, हा आग्रह निविदेच्या पहिल्या बैठकीत लेखी नोंदवावा.