वाडा राहिला, कोपी गेली

त्रिनिदाद म्हटलं की आपल्याला ब्रायन लारा आठवतो. मी म्हणतोय ते त्रिनिदाद वेगळं. क्युबाच्या दक्षिण किनाऱ्याजवळचं हे छोटं शहर स्पॅनिशांनी १५१४ साली वसवलं आणि १९८८ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. गोट्यांचे रस्ते, पिवळ्या-निळ्या भिंती, लाल कौलं, उंचच उंच खिडक्यांना जाळ्या. फोन कुठेही धरा, फोटो चांगलाच येतो. मी टोरांटोत सॉफ्टवेअरची नोकरी करतो. तिथल्या थंडीला कंटाळलेली माणसं क्युबाला जातात, तसा मीही गेलो. तीन दिवसांत चारशे फोटो काढले. परत येऊन ते चाळताना मात्र मला लाज वाटली. का, ते सांगतो.

या शहराबद्दल प्रत्येक रीलमध्ये, प्रत्येक ट्रॅव्हल ब्लॉगमध्ये एक वाक्य असतंच: 'इथे काळ थांबलाय.' माझं भांडण या वाक्याशी आहे.

आधी हे शहर कशावर उभं राहिलं ते बघू. १७९१ साली आजच्या हैतीमध्ये गुलामांनी उठाव केला. तोवर जगातली सगळ्यात मोठी साखर-वसाहत असलेला तो मुलूख मालकांच्या हातून गेला. साखरेची बाजारपेठ मोकळी झाली आणि क्युबाने ती भरली. त्रिनिदादच्या पाठीमागच्या खोऱ्यात पन्नासहून अधिक कारखाने उभे राहिले. त्या खोऱ्याचं नावच 'व्हाये दे लोस इन्हेनिओस', म्हणजे साखर कारखान्यांचं खोरं. 'इन्हेनिओ' हा शब्द आणि आपला 'इंजिनियर' एकाच लॅटिन मुळातून आलेत. डिग्रीची चार वर्षं मी ज्या शब्दाचा अभिमान बाळगला, त्याचा हा चुलतभाऊ मला तिथे भेटला.

त्या कारखान्यांचं खरं इंजिन माणसं होती. आफ्रिकेतून क्युबात आणलेल्या गुलामांची संख्या सुमारे ८ लाख धरतात. त्यातले बहुतेक एकोणिसाव्या शतकात आले, आणि त्यातलेही बरेचसे गुलामांच्या व्यापारावर १८२० पासून कायद्याने बंदी आल्यानंतर, चोरून. ऊस तोडला की रस उतरायला लागतो, हे ऊसपट्ट्यातल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. म्हणून हंगामात चरक रात्रंदिवस फिरायचा आणि माणसं दिवसाला सोळा-सोळा तास, कधी त्याहून जास्त राबायची. क्युबात गुलामगिरी पूर्ण संपली ती १८८६ साली.

आता शहरात या. मुख्य चौकातल्या एका वाड्यात 'रोमँटिक म्युझियम' आहे. नाव खरंच ते आहे. झुंबरं, चिनीमातीची भांडी, कोरीव पलंग. थोड्या अंतरावर कांतेरो नावाच्या साखरसम्राटाचा वाडा आहे, तोही म्युझियम. याच कांतेरोने १८५७ साली क्युबातल्या कारखान्यांची चित्रं असलेला एक देखणा ग्रंथ काढला. चित्रात यंत्रं मोठी, आभाळ मोठं आणि माणसं मुंग्यांएवढी. कॉर्पोरेट ब्रोशर म्हणजे काय, हे त्या काळीही लोकांना कळत होतं.

खोऱ्यात मनाका इझ्नागा इथे ४५ मीटर उंच मनोरा आहे. त्याची एक कथा सांगतात: दोन भावांमध्ये पैज लागली, एकाने जितका उंच मनोरा बांधायचा, तितकी खोल विहीर दुसऱ्याने खणायची. गंमत बघा, कथेत पात्रं दोनच, आणि दोघंही मालक. विटा कुणी वाहिल्या, खड्ड्यात कोण उतरलं, हे कथेला विचारावंसंही वाटत नाही. मनोऱ्याचं काम होतं घंटा वाजवणं आणि नजर ठेवणं. उठायचं कधी, फडात जायचं कधी, थांबायचं कधी, हे ती घंटा ठरवायची. आता ती खाली जमिनीवर ठेवली आहे. तिला टेकून लोक फोटो काढतात. मीही काढला.

मी वर चढलो. चहूकडे हिरवंगार खोरं. तोंडातून 'काय व्ह्यू आहे!' निघून गेलं. उतरताना जाणवलं, मी नेमका मुकादमाच्या जागेवर उभा होतो. मनोरा हा त्या काळचा मॉनिटरिंग डॅशबोर्ड होता, आणि मी दोनशे वर्षांनी तिकीट काढून त्यावर लॉगिन केलं होतं. पायथ्याशी मालकाच्या घरात रेस्टॉरंट आहे. गुलामांच्या वस्तीतल्या उरल्यासुरल्या खोल्या कुठे आहेत, ते मला विचारत जावं लागलं.

म्हणून म्हणतो, 'काळ थांबलाय' हे खोटं आहे. इथे काळ थांबायची परवानगी कुणालाच नव्हती; तो घंटेने मोजून वसूल केला जायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जमीन निकस झाली, भट्ट्यांसाठी जंगल तुटलं, मोठे वाफेवरचे कारखाने बेटावर दुसरीकडे उभे राहिले आणि पैसा तिकडे गेला. वाडे पाडून नवे बांधायला कुणाकडे काही उरलं नाही, म्हणून ते टिकले. ज्याला आपण जतन म्हणतो, ते सुरुवातीला निव्वळ दारिद्र्य होतं.

यावर एक उत्तर मला माहीत आहे: 'तिथले लोक पर्यटनावर जगतात, तू कोण शहाणा?' बरोबर आहे. वीज जाते, दुकानं रिकामी असतात. ज्या घरी मी उतरलो होतो त्यांची चूल माझ्यासारख्यांच्या पैशावर पेटते. जाऊ नका, असं मी म्हणतच नाही. शिवाय क्युबाने हा इतिहास दडवलाय असंही नाही. पळून गेलेला गुलाम एस्तेबान मोंतेहो शंभरी ओलांडल्यावर मिगेल बार्नेतशी बोलला, आणि १९६६ साली त्याची कहाणी क्युबातच छापली गेली. आवाज उपलब्ध आहे. आपण तो म्यूट करून व्हिडिओ बघतो. माझी तक्रार आपल्याशी आहे.

आणि 'आपल्याशी' हे मी मोघम म्हणत नाही. माझी इंजिनियरिंगची फी उसाच्या बिलातून भरली गेली. आमच्या तालुक्यात कारखान्याचा भोंगा ऐकून लोक घड्याळं लावत. दिवाळीनंतर मराठवाड्यातून तोडकरी यायचे, उचल घेऊन, लेकराबाळांसकट. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसं मोजायचं एककच हत्यार. शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर नाहीशा व्हायच्या. त्यातल्या एकाही कोपीत मी कधी वाकून गेलो नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर विधिमंडळात चर्चा झाली, तेव्हा मी ती बातमी ऑफिसच्या बसमध्ये वाचली आणि पुढे स्क्रोल केलं.

ऊसतोड म्हणजे गुलामगिरी, असं मी म्हणणार नाही. विकत घेतलेला माणूस आणि कर्जाने बांधलेला माणूस यांत फरक आहे, आणि तो पुसणं दोघांवरही अन्याय आहे. पण विसरायची पद्धत तीच आहे. आमच्या तालुक्याचं उद्या 'हेरिटेज' झालंच, तर काय राहील? चेअरमनचा बंगला, कारखान्याची कमान, संस्थापकांचा पुतळा. पाचटाची कोपी कोण जतन करणार?

त्रिनिदादला जरूर जा. पण मनोऱ्यावर चढण्याआधी त्या खोल्या शोधा, आणि मगच वर जा. व्ह्यू तोच असेल. 'काय व्ह्यू आहे!' मात्र इतक्या सहज तोंडातून निघणार नाही.

माझ्याकडे चारशे फोटो आहेत. त्या खोल्यांचा एकही नाही. आणि गावाकडचे अल्बम उघडले, तर आमच्याच शेताच्या कडेच्या कोप्यांचाही एक नाही.