ई-बाईक जिन्याखाली चार्ज करताय? बॅटरीचा नियम कुठे थांबतो, ते वाचा

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात एका टेलरिंगच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातल्या ७ जणांचा धुराने गुदमरून जीव गेला. चार्जिंगला लावलेल्या ई-बाईकमुळे आग लागल्याची शक्यता तेव्हा वर्तवली गेली.

ई-दुचाकीच्या बॅटरीसाठी देशात एआयएस-१५६ हे मानक आहे. डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने कडक झालं. एक सेल तापला तरी अख्खा पॅक पेटू नये आणि चालकाला आधीच इशारा मिळावा, ही त्यातली महत्त्वाची अट. पण ती नव्या गाड्यांसाठी. आधी विकलेल्या गाड्या आणि गल्लीतल्या दुकानात सेल बदलून घेतलेले पॅक? ते सुटतातच. शिवाय गाडी कुठे चार्ज करायची, यावर हे मानक काही बोलत नाही. खालच्या मजल्यावर दुकान, वर घर आणि मधे एकच जिना असेल, तर निदान झोपताना चार्जर काढून ठेवा.