तबकडीतल्या तबकड्या आणि बाळाचा श्वास

क्रोनोग्राफ जातीची महागडी घड्याळे हल्ली आपल्या व्यवसायबंधूंच्या मनगटावर वरचेवर दिसू लागली आहेत. याबद्दल असूया मुळीच नाही; उत्तम यंत्राचा मोह मलाही आहे. परंतु स्नेहसंमेलनात अशा घड्याळाचे कौतुक होते तेव्हा चर्चा किमतीपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. माझे मत असे, की डॉक्टराने घड्याळाची पारख उलट्या क्रमाने करावी. रुग्णाजवळ उभे राहून ते वाचता येते का, हे आधी पाहावे. बाकी सारे नंतर.

वैद्यक आणि घड्याळ यांचा संबंध जुना आहे. सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले आणि १७०७ साली त्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात खास डॉक्टरांसाठी क्रोनोग्राफ निघाले. त्यांच्या तबकडीच्या कडेला नाडीची मोजपट्टी असे. कळ दाबून मोठा काटा सुरू करायचा, तीस ठोके मोजायचे, काटा थांबवायचा. तो ज्या आकड्यासमोर उभा राहील तोच मिनिटाचा वेग. काही घड्याळांवर पाच श्वासांची पट्टीही असे. युक्ती सुरेख आहे, पण ती प्रौढ रुग्णांना डोळ्यांपुढे ठेवून बेतलेली आहे. नाडी ६० वरून ७० झाली तर तीस ठोक्यांच्या वेळेत चार सेकंदांहून अधिक फरक पडतो. तान्ह्या मुलाची नाडी १४० वरून १५० झाली तर हाच फरक एका सेकंदाहूनही कमी. श्वासांच्या पट्टीवर मिनिटाला ४० आणि ५० या दोन वेगांत अवघे दीड सेकंदाचे अंतर उरते. आणि आमचे सारे निदान तर याच आकड्यांच्या आसपास घुटमळत असते!

दोन महिन्यांखालील बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आपणा सर्वांना पाठ आहे. न्यूमोनियाची शंका याच आकड्यावरून घेतली जाते. तान्हे बाळ काही सेकंद भरभर श्वास घेते, मध्येच थबकते, पुन्हा सुरू करते. म्हणून पाच श्वासांवरून हिशेब करणे किंवा पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणे येथे चालत नाही. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजावे लागते. लहानग्यात आकडा ६० च्या वर गेला तर पुन्हा एकदा.

आता तबकडीकडे वळू. क्रोनोग्राफमध्ये मधला लांब सेकंदकाटा कळ दाबेपर्यंत बाराच्या आकड्यावर स्वस्थ उभा असतो. सतत चालणारा सेकंदकाटा एका छोट्या तबकडीत ढकललेला असतो. ही छोटी तबकडी कुठे असावी हे केवळ रंगरूपाचा विचार करून ठरत नाही. आतील चक्राचा आस जिथे वर येतो, तिथेच काटा बसतो. ओमेगाच्या स्पीडमास्टरमध्ये तो नऊच्या बाजूला आहे. व्हॅल्जू ७७५० या सर्वत्र वापरल्या गेलेल्या यंत्रातही तो नऊपाशीच, मात्र मिनिटांची तबकडी बारापाशी. रोलेक्सने डेटोनासाठी २००० साली स्वतःचे ४१३० हे यंत्र आणले आणि नऊवरचा सेकंदकाटा सहावर आला. म्हणजे चेहऱ्यात दिसणारा बदल हा मुळात पोटातला बदल असतो. हे आपल्याला नवे नाही. बाह्य लक्षणावरून आतील रचना ओळखणे हाच आपला धंदा.

या यंत्रांची कारागिरी थक्क करणारी आहे. १९६९ चे झेनिथचे एल प्रिमेरो तासाला ३६,००० स्पंदने करते, म्हणून सेकंदाचा दहावा भाग दाखवू शकते. कळ दाबताच काटा किंचितही उडी मारू नये यासाठी चकत्या एकमेकींवर दाबणारा उभा क्लच योजला गेला. सेकंदाच्या अंशासाठी कारागिरांनी एवढे आयुष्य वेचावे आणि ते यंत्र मनगटावर बांधून आपण केसपेपरवर अंदाजाने ‘श्वसन सुमारे ४०’ लिहावे, यातली विसंगती मला बोचते. दोष घड्याळाचा नाही. ऑक्सिमीटर आहे की, असे तरुण सहकारी म्हणतात. तो नाडी आणि प्राणवायूचे प्रमाण सांगतो. श्वास मोजत नाही. प्रमाण उत्तम असूनही धापणारे बाळ आपण सर्वांनी पाहिले आहे. युनिसेफने आरोग्यसेविकांसाठी तयार केलेल्या साध्या टायमरला ना तबकडी ना काटे. तो अर्ध्या मिनिटाला आणि मिनिटाला वाजतो, आणि सेविकेची नजर बाळाच्या छातीवरून हलत नाही. उपयोगाच्या कसोटीवर त्याच्यापुढे लाखांचे घड्याळही फिके पडते.

म्हणून घड्याळ घ्यायचेच तर पांढऱ्यावर काळा किंवा काळ्यावर पांढरा, ठळक सेकंदकाटा असलेले घ्यावे. तपासताना ते मनगटावरून काढून बाळाच्या उशाशी ठेवावे. इंग्लंडच्या आरोग्यखात्याने २००७ साली कोपराखालचे हात मोकळे ठेवण्याचा दंडक जाहीर केला. हात नीट धुण्यासाठी आपणही तो पाळावा. उशाशी ठेवलेली तबकडी हातभर अंतरावरून वाचता आली, तर घड्याळ खरे. मग कळ दाबावी आणि साठ सेकंद दुसरे काहीही करू नये. गर्दीच्या ओपीडीत आईवडिलांना डॉक्टरांकडून मिळणारी याहून मोलाची भेट मला तरी ठाऊक नाही.