वाऱ्याशी वाकडे

ज्याच्याशी सरळ भांडता येत नाही त्याच्याशी तिरके वागावे, हा व्यवहार माणूस बहुधा शिडाच्या होडीकडून शिकला असावा.

आमच्या न्हावऱ्यात समुद्र नाही. वाऱ्याची आमची ओळख ज्वारी उफणण्यापुरती. वारा जाईल तिकडे भुसा जातो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. होडीही भुशासारखीच जात असती तर गोव्याहून मुंबईला शीड उभारून कोणी आलेच नसते. कारण पावसाळा सरला की या किनाऱ्यावर दिवसा बहुधा वायव्येचा वारा वाहतो, म्हणजे थेट तोंडावर. जुने तांडेल रात्रीच्या मतलई वाऱ्यावर पुढे सरकत आणि दिवसा खाऱ्या वाऱ्याशी तिरके तिरके जात.

तिरके धरलेले शीड पक्ष्याच्या पंखासारखे काम करते. त्याचा जोर होडीला बराचसा बाजूला आणि थोडासा पुढे ओढतो. बाजूचा जोर तळाखालचे खोल पाते पाण्यात अडवून धरते. उरतो तो पुढचा. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की पुढे सटकतो ना, तसेच हे.

आता हिशेब पाहा. वाऱ्याच्या दिशेने १० मैल गाठायचे आहेत. होडी वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन ठेवून नागमोडी गेली, तर तिला सुमारे १४ मैल पडतात. कोन ६० अंशांचा झाला की तेच २० मैल! शर्यतीची होडी हा कोन सहज राखते. पण महिनोन्‌महिने समुद्रावर राहायचे ती होडी संसारी असते. तिच्यात स्टोव्ह, पिंपे, साखळ्या, पुस्तके सारे आलेच. ती वाऱ्यावर चढायला कुरकुरते.

तिला सुधारायचे कसे? पहिला उपाय दिवाळीचाच: साफसफाई. तळाला चिकटलेले शेवाळ आणि शिंपले खरवडून काढावेत. नको असलेले सामान किनाऱ्यावर ठेवावे. हवे ते जड सामान टोकांना न ठेवता मध्यभागी, खाली ठेवावे, म्हणजे लाटेवर होडी घोड्यासारखी डुलत नाही. मग शीड पाहावे. जुने कापड ताणून ढेरपोटे होते आणि होडीला पुढे नेण्याऐवजी आडवी करते. असे शीड शक्य तेवढे सपाट ताणावे, नाहीतर बदलावे. पुढच्या शिडाची तार सैल असेल तर तीही घट्ट करावी. इंजिनाचा पंखा मिटणारा असेल तर बंद असताना तो पाण्याला अडत नाही. वारा वाढताच शीड वेळीच लहान करावे. फार कललेली होडी पुढे कमी जाते आणि बाजूला जास्त घसरते.

आणि सुकाणूवरच्या माणसाने हट्ट सोडावा. वाऱ्याच्या फार जवळ नाक खुपसले की वेग मरतो. वेग मेला की तळाच्या पात्याची पकडही जाते. थोडी सूट द्यावी, होडीला वेग घेऊ द्यावा, मग हळूच वर चढावे.

नौदलाच्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, शिडाच्या होडीतून असे करणारे ते पहिले भारतीय. ही ५६ फुटी होडी गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. दोंद्यांनी पूर्वेची वाट धरली, कारण दक्षिण महासागरात पश्चिमेचे वारे जोरात वाहतात आणि ते पाठीशी घेता येतात. शहाणा खलाशी उलटा वारा शक्यतो टाळतोच.

पण नेहमी टाळता येत नाही. वारा किनाऱ्याकडे ढकलतो आहे, खडक जवळ येताहेत, इंजिन बंद पडले आहे, अशा वेळी होडी वाऱ्यावर चढली तरच आतली माणसे वाचतात. मग कोनातले पाच अंश हा शर्यतीचा शौक राहत नाही. म्हणून ती साफसफाई बंदरात असतानाच झालेली बरी. वादळात माळा आवरायला कोणाला सवड असते?